करुणा कक्षाकडे जाण्याचा मार्ग

दार सगळ्यांसाठी उघडं आहे असं जाहीर करणं सोपं असतं. अडचण एवढीच, की मग सगळे आत येतात.

या चर्चच्या दारावर चाळीस वर्षं 'सर्वांचे स्वागत आहे' अशी पाटी होती, आणि चाळीस वर्षांत तिने कुणाला कसलाही त्रास दिला नव्हता. कारण येणारे सगळे ठरलेले होते. माणसं एकशे बेचाळीस, जागा एकशे बेचाळीस. कुणाची जागा कुठली हे कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि सगळ्यांना तोंडपाठ होतं. दाराशी छातीवर पितळी बिल्ला लावून चौकशीसाहेब उभे असत आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याच जागेकडे हात करून दाखवत.

चौकशीसाहेब हे नाव त्यांना नोकरीने दिलं होतं. एकतीस वर्षं ते बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसले. गणिताच्या मास्तरांच्या हिशेबाने त्यांनी तिथे अठरा लाख प्रश्नांची उत्तरं दिली (पैकी सतरा लाख मान वर न करता). निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी ते सकाळीच आंघोळ करून, भांग पाडून खुर्चीत बसले आणि कुणीतरी काहीतरी विचारेल म्हणून वाट पाहू लागले. संध्याकाळी बायकोने विचारलं, "अहो, जरा पाय वर घेता का? फरशी पुसायचीय." त्या दिवसातला तेवढा एकच प्रश्न. पुढचे दिवसही साधारण असेच गेले. म्हणून दाराची सेवा मिळाली तेव्हा त्यांनी बिल्ला चिंचेने घासून लख्ख केला, आणि तेव्हापासून दर शनिवारी ते तो घासत आले होते. दाराशीही कुणी काही विचारत नसे म्हणा. पण विचारलंच, तर उत्तर तयार होतं.

असं सगळं सुरळीत चालू असताना एका रविवारी एक पाहुणा आला.

पाहुणा साठी ओलांडलेला, शर्टाची सगळी बटणं लावलेला. येऊन मागच्या बाकावर बसला. इथवर त्याचं वर्तन निर्दोष होतं. मग पाळकसाहेब प्रवचनाला उभे राहिले. प्रवचनात प्रश्न विचारायचा, मनात तीन आकडे मोजेपर्यंत थांबायचं आणि मग आपणच उत्तर द्यायचं, ही त्यांची जुनी पद्धत. मंडळीही त्या तीन आकड्यांत खोकून घेत.

"मंडळी," पाळकसाहेब म्हणाले, "माणसाचं खरं सुख कशात आहे?"

एक. दोन.

"सकाळी पोट साफ होण्यात, साहेब," मागच्या बाकावरून आवाज आला.

पाळकसाहेब अनुभवी होते. ऐकलंच नाही असं दाखवून ते पुढे गेले. "वादळ उठलं, तारू हेलकावे खाऊ लागलं, तर कुणाचा धावा कराल?"

"पोहता येणाऱ्याचा," पाहुणा विचार करून म्हणाला.

या घटनेची जी नोंद झाली ती अशी: जीवितहानी नाही. पोरं हसली (अकरा). मोठी माणसं हसली आणि तो खोकला होता असं म्हणाली (पंचवीस). चौकशीसाहेबांच्या सासूबाई जाग्या झाल्या (एक). सासूबाई तिसऱ्या बाकावर प्रवचनाच्या पहिल्या वाक्याला झोपत आणि शेवटच्या आमेनला उठत. बारा वर्षांत हा क्रम चुकला नव्हता. मधेच उठल्यामुळे त्यांनी मोठ्याने "आमेन" म्हटलं आणि निम्मी मंडळी घरी जायला उभी राहिली.

त्याच दुपारी चर्चच्या पंचांची तातडीची सभा भरली. तीन महिन्यांनी वरचे दोन वरिष्ठ पाहणीला येणार होते. त्यांच्यासमोर असला प्रकार झाला तर शोभा होईल, यावर एकमत झालं. ठरलं असं की वरिष्ठांच्या रविवारी एक जरी व्यत्यय आला, तरी दाराची सेवा बंद करायची, बिल्ला परत घ्यायचा आणि पगारी पहारेकरी ठेवायचे, ज्यांच्याकडे बिल्ला नसतो पण शिट्टी असते. चौकशीसाहेबांनी नकळत छातीवर हात नेला.

तिथल्या तिथे एक समिती नेमली गेली. सुरक्षेसाठी चौकशीसाहेब, करुणेसाठी दातांच्या डॉक्टरीणबाई ("जरासंच दुखेल" हे वाक्य त्यांच्याइतकं मायेने कुणालाच म्हणता येत नसे) आणि दोन्हींत तोल राखायला गणिताचे मास्तर. नाव 'सुरक्षा व करुणा समिती' असावं की 'करुणा व सुरक्षा समिती', या मुद्द्यावर चार बैठका झाल्या. अखेर सुरक्षेला आधी ठेवण्यात आलं आणि भरपाई म्हणून करुणा जाड अक्षरात लिहिण्यात आली.

पाचव्या बैठकीत कार्यपद्धती तयार झाली. व्यत्यय आणणाऱ्या पाहुण्याकडे पाहून पहिल्यांदा स्मित करावं. (किती दात दिसावेत? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा. त्याहून जास्त दिसले तर माणूस घाबरतो, हा त्यांचा रोजचा अनुभव होता.) स्मिताने भागलं नाही तर खांद्यावर कोरड्या हाताने तीनदा थोपटावं. चौथी थाप ही मारहाण समजली जाईल. तरीही फरक पडला नाही, तर "आपण जरा बाहेर बोलू या का?" असं म्हणून पाहुण्याला करुणा कक्षात न्यावं, चहा द्यावा आणि चौदा प्रश्नांचा अर्ज भरून घ्यावा. पाहुणा मनाने हललेला असू शकतो, त्यामुळे अर्ज त्याने स्वतः भरू नये. दुसऱ्याने शेजारी बसून, एकेक प्रश्न विचारून भरावा.

करुणा कक्ष म्हणजे मागची अडगळीची खोली. तिथल्या मोडक्या खुर्च्या एका बाजूला सारल्या आणि दारावर पाटी लावली, तेवढ्याने ती खोली पुष्कळच करुण दिसू लागली.

सगळ्यात मोठा प्रश्न होता इशाऱ्याचा. मंडळी घाबरू नये, पण सेवेकऱ्यांना कळावं, असा सांकेतिक शब्द हवा होता. चौकशीसाहेबांनी सुचवलं, "निळी छत्री." 'मागच्या बाकावर निळी छत्री राहिली आहे' असं माइकवरून सांगायचं. हे ऐकून कुणाला संशय येणार? समितीने त्यांचं अभिनंदन केलं.

पुढच्या रविवारी पाहुणा पुन्हा आला. पाळकसाहेबांनी विचारलं, "शेवटी आपण बरोबर काय नेणार आहोत?" पाहुणा म्हणाला, "इथून? प्रसंगावर आहे, साहेब. नाताळला केक." चौकशीसाहेब माइकपाशी पोचले आणि एकतीस वर्षांच्या सवयीने गरजले, "लक्ष द्या, लक्ष द्या! मागच्या बाकावर एक निळी छत्री राहिली आहे!"

परिणाम असा झाला की सतरा जण आपापल्या बाकाखाली वाकले. दोघींनी ती छत्री आपली असल्याचं सांगितलं आणि त्यांच्यात बोलाचाली झाली. जे सेवेकरी संकेत ठरवताना हजर होते, तेसुद्धा छत्री शोधू लागले. पाहुण्याने तर बाकाखाली आडवं होऊन अख्खी रांग तपासली आणि खरोखरच एक निळी छत्री बाहेर काढली. तिच्यावरची धूळ शर्टाने पुसून त्याने ती चौकशीसाहेबांच्या हातात दिली. "घ्या. काडी एक मोडलीय, पण आहे."

त्याचे आभार मानावेत की त्याला बाहेर काढावं, याबद्दल कार्यपद्धतीत काही लिहिलेलं नव्हतं. समितीने दोन्ही केलं.

करुणा कक्षात चौकशीसाहेब अर्ज घेऊन बसले. त्यांनी मान खाली घालून विचारायला सुरुवात केली. नाव, पत्ता, उंची. चहात साखर किती. यापूर्वी कुठे व्यत्यय आणला आहे काय, असल्यास वरच्या पट्टीत की खालच्या. पाहुणा प्रत्येक उत्तर नीट विचार करून देत होता, जणू परीक्षा होती आणि पेपर सोपा आला होता. धंदा विचारल्यावर म्हणाला, "लिफ्टमन. चौतीस वर्षं. आता लिफ्टला नुसती बटणं आहेत."

चौदा प्रश्न संपले. चहा अर्धा उरला होता. नियमाप्रमाणे चौकशीसाहेबांनी आता उठायला हवं होतं, पण त्यांच्या तोंडून पंधरावा प्रश्न निघून गेला. "अहो, पण तुम्ही उत्तरं का देता?"

"साहेब विचारतात म्हणून."

"ते खरं विचारत नाहीत हो!"

"मग विचारतात कशाला?" लिफ्टमनला खरंच आश्चर्य वाटलं. मग तो कपाकडे बघत म्हणाला, "रागावू नका. चौतीस वर्षं मी दिवसभर 'कितवा मजला?' विचारत होतो. मी विचारायचो, माणसं सांगायची. कुणी कुणी घरचंही सांगायचं. सहाव्या मजल्यापर्यंत पुष्कळ बोलून होतं. आता आठवडा आठवडा जातो, मला कुणी काही विचारत नाही. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो. मुलाचा फोन येतो. 'ठीक ना, बाबा?' म्हणतो आणि मी तोंड उघडेपर्यंत 'बरं, ठेवतो' म्हणतो. तुमचे हे साहेब विचारतात आणि विचारून थांबतात. माणूस इतका थांबलाय म्हटल्यावर गप्प बसणं बरं दिसत नाही."

चौकशीसाहेबांना आपली खुर्ची आठवली, तो पहिला सोमवार आठवला. पण अर्जाला 'व्यत्ययाचे कारण' असा रकाना होता आणि त्यात एकच ओळ मावत होती. त्यांनी लिहिलं, 'इतर'.

समितीच्या पुढच्या बैठकीत छत्रीचा संकेत रद्द झाला (छत्रीवरचा वाद मात्र चालू राहिला). पाहुण्याला सरळ बंदी घालावी, अशी एक सूचना आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकाच माणसाचं नाव घालून नियम करणं करुणेत बसत नाही. तेव्हा मास्तरांनी तोडगा काढला. नाव घालायचंच नाही. 'जो कोणी' असं लिहायचं. व्यत्ययाला गुण ठेवायचे, तीन महिने सगळ्यांची नोंद करायची (होऊन गेलेले दोन रविवारही धरून), आणि ज्या कुणाचे दहा गुण भरतील त्याला वरिष्ठांच्या रविवारी दारातूनच, सहा दातांच्या स्मितासह, करुणा कक्षाचा मार्ग दाखवायचा. नियम करताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता, त्यामुळे तो एकमताने मंजूर झाला.

गुणपत्रक चर्चच्या भिंतीवर लावण्यात आलं. उत्तर देणे, दोन गुण. उशिरा येणे, तीन. शेजाऱ्याशी कुजबुज, तीन. फोन वाजणे, पाच. वाजलेला फोन पर्समध्ये शोधत बसणे, आणखी दोन. गोळीचा कागद सावकाश सोडणे, चार (पटकन सोडल्यास एकच. सावकाश सोडणाऱ्याला वाटतं आवाज होत नाही, आणि तो जास्त वेळ होतो). घोरणे, दर पाच मिनिटांना एक. सात वर्षांखालच्या मुलांना माफी. पाळकसाहेबांनाही माफी, कारण ज्यांच्या बोलण्यात व्यत्यय आणायचा ते तेच होते.

मास्तर बारा रविवार पेन घेऊन बसले. मोजायचं म्हटलं की माणसाला सगळं ऐकू येऊ लागतं. वरिष्ठ यायच्या आदल्या दिवशी त्यांनी बेरीज केली, पुन्हा केली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा केली आणि मग चौकशीसाहेबांच्या घरी येऊन तो कागद टेबलावर पसरला.

मंडळीची सरासरी सदतीस. गायनवृंद एकशे चार (सामूहिक). डॉक्टरीणबाई एकोणतीस, सगळे कुजबुजीचे. खुद्द मास्तर बावन्न, कारण दर नोंदीला पेनचं बटण 'टक' वाजत होतं आणि त्या आवाजाचीही ते प्रामाणिकपणे नोंद करत होते. सासूबाई एकशे सोळा.

"एकशे सोळा?" सासूबाई आतून म्हणाल्या. "पहिली आले का मी?"

चौकशीसाहेब स्वतः नऊवर होते. छत्रीच्या घोषणेचे पाच आणि बूट करकरण्याचे चार. आणि लिफ्टमन? चार उत्तरं (तीन पत्रकाआधीची, एक नंतर चुकून निसटलेलं), आठ गुण. भिंतीवर पत्रक लागल्यापासून तो प्रत्येक प्रश्नाला तोंडावर हात ठेवून बसत होता.

"आता हो काय करायचं?" मास्तरांनी विचारलं.

"नियम आहे," चौकशीसाहेब म्हणाले. त्यांचा हात बिल्ल्यावर होता. "एक जरी सोडला आणि आत काही वाजलं, तर हा गेला."

बायको इतका वेळ भाजी निवडत होती. "मला किती?" तिने विचारलं.

"चौदा," चौकशीसाहेब खालच्या आवाजात म्हणाले. "गोळीचे कागद."

"त्या गोळ्या तुमच्या खोकल्यासाठी सोडत होते मी," ती म्हणाली आणि भाजी घेऊन आत गेली.

वरिष्ठांचा रविवार उजाडला. चौकशीसाहेब दाराशी उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या जागेकडे नाही, तर उजवीकडे, करुणा कक्षाकडे हात करून दाखवू लागले. पहिले पन्नास जण चिडले. नंतरच्या नव्वदांना वाटलं आज तिकडेच काहीतरी चांगलं असावं, आणि ते रांगेत घुसले. माफीची मुलं आपापल्या आयांबरोबर गेली. मास्तरांनी स्वतःचं नाव स्वतः पुकारलं, स्वतःच्या खांद्यावर तीनदा थोपटलं आणि ते निघून गेले. सासूबाई सगळ्यांच्या पुढे होत्या.

दोन वरिष्ठ आठ मिनिटं उशिरा पोचले (तीन). "बाकीचे कुठे आहेत?" असं पहिल्याने दुसऱ्याच्या कानात विचारलं (तीन). इतक्यात पहिल्याचा फोन वाजला (पाच). अकरा गुण एका मिनिटाच्या आत भरणारे ते पहिलेच. दुसऱ्याचे तीनच झाले होते, पण पहिल्याला एकट्याला सोडणं करुणेत बसत नव्हतं. दोघांनाही उजवीकडे नेण्यात आलं.

आत उरले तिघे. व्यासपीठावर पाळकसाहेब, मागच्या बाकावर लिफ्टमन आणि दाराशी, बूट काढून मोज्यांवर उभे असलेले चौकशीसाहेब. चर्चच्या इतिहासात इतकी शांतता कधी झाली नव्हती. बिल्ला वाचला होता. आता फक्त चाळीस मिनिटं काढायची होती.

पाळकसाहेबांनी रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली. त्यांचं प्रवचन तयार होतं आणि त्याचा पहिला प्रश्नही. "मंडळी," ते सवयीने म्हणाले, "आज इथे कुणी एकटं आहे का?"

एक. दोन. तीन.

लिफ्टमनचा हात तोंडावर गेला. दुसऱ्या हाताने त्याने तो दाबून धरला. त्याची नजर भिंतीवरच्या गुणपत्रकावर होती, आणि उत्तर घशाशी आलेलं चौकशीसाहेबांना दारातून दिसत होतं. पाळकसाहेब आपणच उत्तर द्यायला विसरले होते. चार. पाच. सहा. अठरा लाख उत्तरं चौकशीसाहेबांनी दिली होती, पण स्वतःबद्दलचं त्यात एकही नव्हतं. त्यांनी मान वर केली.

"आहे, साहेब!" ते स्टँडच्या आवाजात गरजले. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. "मी आहे!"

नऊ अधिक दोन, अकरा.

लिफ्टमनने हात खाली घेतला. "मीपण," तो म्हणाला. आठ अधिक दोन, दहा.

दोघे नियमाप्रमाणे करुणा कक्षाकडे निघाले. पाळकसाहेब थोडा वेळ एकटे उभे राहिले, मग तेही मागोमाग गेले. प्रवचनाला निदान एक माणूस लागतो.

तिकडे सहा माणसांच्या खोलीत, ओट्यावर आणि मागच्या अंगणात मिळून दीडशे माणसं होती. चहाच्या किटल्या फिरत होत्या, आणि नियमाप्रमाणे प्रत्येक जण दुसऱ्याचा अर्ज विचारून विचारून भरत होता. चाळिसाव्या माणसाला अर्ज संपले. पुढचे नुसतेच विचारत होते. डॉक्टरीणबाईंना बावीस वर्षांनी कळलं, की ज्या शेजारणीशी त्या कुजबुजत आल्या तिला त्या कानाने ऐकूच येत नाही. चौकशीसाहेबांची बायको एका मोडक्या खुर्चीवर बसली होती. चौकशीसाहेब तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी चौदातला एकही नसलेला प्रश्न विचारला. "तू कशी आहेस?" तिने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, पदराने शेजारची खुर्ची पुसली आणि म्हणाली, "बसा. वेळ लागेल."

सासूबाई सगळा वेळ टक्क जाग्या होत्या.

वरिष्ठांचा अहवाल महिन्याने आला. 'मुख्य सभागृहात संपूर्ण शांतता आढळली. सुरक्षा शंभर टक्के. चहा उत्तम.' असं असूनही अकरा गुणांच्या माणसाकडे बिल्ला ठेवता येत नव्हता. नियमाने तो सगळ्यात कमी गुणांच्या माणसाकडे जायला हवा होता, आणि सगळ्यात कमी गुण होते दहा. चौकशीसाहेबांनी शनिवारी तो एकदा शेवटचा चिंचेने घासला आणि लिफ्टमनच्या शर्टाला स्वतःच्या हाताने लावला. सोडताना त्यांचं बोट बिल्ल्यावर जरा रेंगाळलं, हे खरं आहे.

आता लिफ्टमन दाराशी उभा असतो. प्रत्येकाला "कसे आहात?" विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत बाजूला होत नाही. त्यामुळे रांग कोपऱ्यापर्यंत जाते, सगळ्यांना उशीर होतो आणि सगळ्यांना तीन तीन गुण पडतात. चौकशीसाहेब मागच्या बाकावर बसतात आणि प्रवचनातल्या प्रश्नांची उत्तरं देतात. करुणा कक्षाची खोली अपुरी पडू लागल्याने कक्ष आणि मुख्य सभागृह यांची पाट्यांसकट अदलाबदल करण्याचा प्रस्ताव समितीपुढे आहे.

मास्तर मात्र सध्या वेगळ्याच नोंदीत गुंतले आहेत. गेल्या आठवड्यात तुम्ही किती जणांना "ठीक ना?" विचारलंत, आणि त्यांतल्या किती जणांचं उत्तर येईपर्यंत थांबलात, हे त्यांना हवं आहे. आठवून बघा. एक, दोन, तीन... (मनातल्या मनात सांगितलंत तरी चालेल. मोठ्याने सांगितल्यास दोन गुण, आणि मग उजवीकडे. चहा तयार आहे.)